नकाशात दुरुस्ती

अक्कलकोट रोडच्या भाड्याच्या जागेत
उंबऱ्यापाशी काळा कडप्पा आहे, घोटून चकचकीत केलेला.
मल्लेशम गाजुल तिथवर आले आणि थांबले.
अंगठ्यानं चाचपलं,
जशी विहिरीची पायरी चाचपतात.
"नीळ्ळु," म्हणाले. पाणी.
मी म्हटलं, काका, फरशी आहे.
त्यांनी माझा दंड घट्ट धरला,
मी बुडू नये म्हणून.

नव्या नकाशातून काळा दगड काढला.
ही पहिली दुरुस्ती.

ट्रस्टला हवा होता सरळ व्हरांडा,
चाळीस खाटा, दोन्ही टोकांना कुलूप.
पण चालत सुटलेला माणूस टोकाला पोचला
की कुलुपाशीच बोलत उभा राहतो, तास तास.
म्हणून मी व्हरांडा वाकवला.
जाल तितकं जा,
वाट फिरून स्वयंपाकघराशीच येते
जिथं दुपारी शेंगा भाजतात.
लेकीचं नाव विसरलेले हत्तुरे सर
त्या वासापाशी वळतात,
आत डोकावून विचारतात,
"चटणी कुटायला घेतली का?"

दारांना नंबर नकोत.
प्रत्येक दाराशेजारी काचेत चादरीचा एक तुकडा:
मोर, कमळ, चौकडी, निळी वेल.
ज्यानं चाळीस वर्षं माग चालवला
त्याला आकडा नाही, नक्षी वाचता येते.
(खैरुनबी मात्र रोज मोराच्या खोलीत जाऊन झोपते.
तिची खोली चौकडीची.
तिला चौकडी आवडत नाही, एवढंच.)

संडासाची पाटी मी तीन लिप्यांत काढली होती.
खोडली. वाचणार कोण?
आता पलंगावर उठून बसलं
की समोर भांडंच दिसतं.
ट्रस्टी म्हणाले, बरं दिसत नाही.
मी म्हटलं, दिसायलाच हवं.

कुणी सेन्सरचा नळ सुचवला.
मी पितळी चावीचा ठेवला.
फिरवली चावी आणि पाणी आलं नाही
तर सोलापूरच्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.
तेवढं अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

नरसम्मा येमुल दिवसाला हजार विड्या वळायच्या.
आता पदराची कड वळतात,
नसलेल्या दोऱ्यानं बांधतात,
पंचवीस झाल्या की कट्टा बाजूला,
आणि कट्टे नापास करणाऱ्या कुणाला तरी
तेलुगूत कचकचीत शिवी.
मराठी त्यांच्या अंगावरून उतरली
बाजारातून आल्यावर चपला उतरतात तशी.
त्यांच्यासाठी पूर्वेला ओटा,
मांडीवर सूप घेऊन भिंतीला टेकता येईल असा.
मोजमाप त्यांच्याच मांडीचं घेतलं.
माप घेताना म्हणाल्या, वंगू.
वाक.
वाकलो तर माझ्या केसांतून हात फिरवला
आणि एक ऊ मारली, खोटी.

राहिला भोंगा.
साडेतीन वाजले की पुरुष अस्वस्थ होतात,
बटणं लावतात, चपला शोधतात.
कुणी म्हणालं, गिरणीचा भोंगा रेकॉर्ड करून लावू,
पाळी सुटली समजून निवांत बसतील.
एकदा लावून पाहिला.
पाच जण उठले.
हातात नसलेले डबे सांभाळत
फाटकाकडे निघाले, ओळीनं.
मल्लेशम माझ्यापाशी थांबले,
खिसा चाचपत,
"आज पगार आहे ना?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.
भोंगा नकाशातून काढला.
त्या जागी कडुलिंबाखाली बाक टाकला,
रस्त्याकडे तोंड केलेला.
रिक्षा दिसतात, शाळेची पोरं दिसतात,
ऊन उतरेपर्यंत बसता येतं.

बाकी सगळी मापं भरलीत.
उंबरा शून्य, कठडा पावणेतीन फूट,
खिडकी इतकी खाली की आडवं पडून झाड दिसावं.
उद्या कॉर्पोरेशनला सादर करायचंय.

फक्त फाटकाची कडी
बाहेरून की आतून,
आणि कुणाच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर,
ती जागा पेन्सिलनं आहे.
दोनदा खोडून
तिथला कागद पातळ झालाय.